बोटीवर कुठलं इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं आणि कुठल्याला लांबूनच नमस्कार

बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल बरेच प्रश्न साठलेत, त्यातले जे सारखे येतात ते आज घेतो. आधीच सांगून ठेवतो, माझा एक पक्का पूर्वग्रह आहे. लोक पैसा स्क्रीनवर घालतात आणि स्क्रीनच्या मागे जे असतं, म्हणजे अँटेना, केबल, ट्रान्सड्युसर (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा सेन्सर), बॅटरी, तिथे हात आखडता घेतात. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येणार, कंटाळू नका.

साडेसहा मीटरची मोटरबोट घेतलीय. किनाऱ्याला धरून मासे पकडणं आणि फिरणं, रात्री जाणार नाही. बजेट फार नाही. सगळ्यात आधी काय घेऊ?

फिक्स बसवायचा व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर बोलायचा बिनतारी सेट, तोही डीएससी (एका बटणाने संकटाचा संदेश पाठवायची सोय) असलेला. हे पहिलं, आणि यावर मी वाद घालत नाही. त्याच्यानंतर खोली दाखवणारं काहीतरी आणि मग जीपीएस चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर तुमची जागा दाखवणारा पडदा), पण हे दोन्ही हल्ली एकाच डब्यात येतात, त्यामुळे सात इंची कॉम्बो घेतलात तर तुमच्या बोटीला पुरे झालं. उरलेल्या पैशात चांगली वायर, फ्यूज बॉक्स आणि एक हातातला वॉटरप्रूफ व्हीएचएफ, जो जॅकेटला अडकवून ठेवायचा, कपाटात नाही.

रडार नको. इंजिनचा डेटा स्क्रीनवर दाखवणारे गेटवे, कॅमेरे, अंडरवॉटर लाइट हे सगळं पुढच्या वर्षी बघा, आणि पुढच्या वर्षी बहुतेक तुम्हालाच वाटणार नाही घ्यावंसं. आणि "रात्री जाणार नाही" असं सगळेच म्हणतात हो, पण दुपारी चारला इंजिन रुसलं आणि कुणीतरी ओढून आणेपर्यंत आठ वाजले की झालीच रात्र, म्हणून नेव्हिगेशन लाइट चालू आहेत की नाहीत ते दर वेळी निघताना बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

एक अपवाद. तुम्ही फक्त एखाद्या बंदिस्त तलावात फिरणार असाल, जिथे व्हीएचएफ ऐकणारं कुणीच नाही, तर रेडिओचा क्रम खाली जातो. तिथे वॉटरप्रूफ पाऊचमधला फोन जास्त कामाचा.

फोनमध्ये चार्टचं ॲप आहे, टॅबही आहे. मग चार्टप्लॉटर कशासाठी?

ॲप वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. घरी बसून रूट आखायला टॅब प्लॉटरपेक्षा केव्हाही बरा. फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही हेही खरं, फक्त चार्ट आधी डाउनलोड केलेला पाहिजे, कारण किनारा थोडा लांब गेला की टॉवर गेला आणि मग निळ्या रिकाम्या पडद्यावर नुसता तुमचा ठिपका फिरत राहतो. टॅब घेताना एवढं बघा की फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसतेच, सिमवाल्या मॉडेलमध्ये असते. हे लोकांना नेमकं पाण्यात गेल्यावर कळतं.

अडचण दुसरीकडे आहे. भर उन्हात ठेवलेला फोन तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. पाण्याचे थेंब पडले की टचस्क्रीनला ती बोटं वाटतात आणि नकाशा आपोआप कुठेतरी पळतो. चार्जिंगच्या पोर्टात खारं पाणी गेलं की चार्जिंग संपलं. आणि मुख्य म्हणजे मदत मागायचा तुमचा एक मार्ग आणि रस्ता दाखवणारं यंत्र एकच असेल तर ते हातातून निसटलं की दोन्ही गेलं. प्लॉटर बोटीच्या बॅटरीवर चालतो, उन्हात दिसतो, आणि खोली त्याच पडद्यावर दाखवतो. घेताना आयपीएक्स-७ रेटिंग बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरायला हवा. टचबरोबर थोडी तरी खरी बटणं असलेला घ्या, लाटांत उडणाऱ्या बोटीवर नेमक्या जागी बोट टेकवणं हा एक वेगळाच खेळ आहे. आणि दुकानात जाताना तुमचा पोलराइज्ड गॉगल घालून जा, काही स्क्रीन त्यातून एका कोनात चक्क काळ्या दिसतात.

आता जी गोष्ट प्लॉटर आणि फोन दोघांनाही लागू आहे ती. व्हेक्टर चार्टमध्ये तुम्ही झूम आउट केलंत की सॉफ्टवेअर बारीक तपशील लपवतं, नाहीतर पडद्यावर नुसती गर्दी होईल. त्या तपशिलात कधीकधी खडकही असतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली टीम व्हेस्टास विंडची बोट रात्री, मॉरिशसच्या ईशान्येला असलेल्या कार्गाडोस काराहोस नावाच्या प्रवाळ खडकांवर चढली. जगातले निष्णात खलाशी, उत्तमातली उत्तम यंत्रं, आणि चार्ट पुरेसा झूम करून न पाहिल्यामुळे खडकांचा धोका लक्षातच आला नाही. माणसं सगळी वाचली. म्हणून आखलेल्या रूटवर एकदा तरी पूर्ण झूम करून टोकापासून टोकापर्यंत पडद्यावर हाताचं बोट फिरवायचं, हे घरी करायचं काम आहे.

आणि उलटंही, नुसतं झूम केलं म्हणून चार्ट अचूक होत नाही. जीपीएस तुम्हाला चारपाच मीटरपर्यंत बरोबर सांगेल, पण खालची खोली ज्या सर्व्हेतून आली तो कित्येक दशकं जुना असू शकतो, दोरीला शिसं बांधून मोजलेला.

हातातला व्हीएचएफ आहे, सहा वॅटचा. फिक्स घेतला तर पंचवीस वॅट मिळतील, म्हणजे रेंज चौपट होईल ना?

नाही होणार. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातो, त्यामुळे रेंज ठरवते ती अँटेनाची उंची, वॅट त्यानंतर. अंदाज काढायचा सोपा हिशोब असा : अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला २.२ ने गुणा, तेवढे सागरी मैल तुमच्या बाजूचे. समोरच्याचेही तसेच काढून दोन्हीची बेरीज करा. बसलेल्या माणसाच्या हातातला सेट पाण्यापासून एक मीटरवर, म्हणजे अशा दोन माणसांमध्ये साडेचार मैलांच्या आसपास. हाच अँटेना सोळा मीटरच्या डोलकाठीवर गेला तर एकट्या तुमच्याच बाजूचे जवळजवळ नऊ मैल झाले. वॅट वाढवून क्षितिज लांब जात नाही. पण वॅट फुकट जातात असंही नाही, आवाज स्वच्छ पोचतो आणि कडेच्या अंतरावर फरक पडतो.

फिक्स सेट घ्यायचं खरं कारण डीएससी. झाकणाखालचं लाल बटण दाबून धरलं की चॅनल ७० वरून तुमचा नंबर आणि तुम्ही कुठे आहात ते आपोआप जातं, मग तुम्ही चॅनल १६ वर बोलता. पण दोन गोष्टी केल्या असतील तरच. एक, तुमच्या देशाच्या लायसन्स देणाऱ्या खात्याकडून नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, घेऊन सेटमध्ये भरलेला पाहिजे. तो नीट बघून भरा, बऱ्याच सेटमध्ये एकदोनदाच भरता येतो आणि चुकला तर सेट डीलरकडे परत. दुसरं, सेटला जीपीएस मिळत असला पाहिजे, आतलाच असो की प्लॉटरकडून वायरने आलेला. ती वायर न जोडलेले सेट मी इतके बघितलेत की काय सांगू, दोन बारक्या तारांचं काम, आणि संकटात नाव जातं पण पत्ता जात नाही.

आता केबल. डोलकाठीवर वीस मीटर आरजी-५८ ही बारीक को-ॲक्स टाकलीत तर वाटेतच साधारण चार डेसिबल मरतात, पंचवीसपैकी दहाच वॅट वर पोचतात. जाड आरजी-२१३ टाकली तर अर्ध्याहून बरेच जास्त पोचतात. म्हणजे महागडा सेट घेऊन स्वस्त केबल टाकणं हे पैसे देऊन हातातला सेट घेण्यासारखंच झालं. शिडाच्या बोटीला तीन डीबी (डेसिबल) गेनचा अँटेना घ्या, सहा किंवा नऊचा नको, जास्त गेनचा अँटेना ताकद चपट्या पट्ट्यात फेकतो आणि बोट कलली की तो पट्टा आकाशात नाहीतर पाण्यात जातो. मोटरबोटीला सहाचा ठीक.

एक टेस्ट सांगतो. स्वस्त एलईडी दिवे व्हीएचएफमध्ये गोंगाट घालतात, यावर अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये इशाराही काढला होता. रेडिओ चालू करून शांत चॅनल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) इतपत फिरवा की खरखर नुकती थांबेल, आणि एकेक दिवा लावत जा. खरखर परत सुरू झाली तर तो दिवा बदला. एआयएस, म्हणजे जहाजं आपलं नाव आणि जागा रेडिओवरून सांगतात ती यंत्रणा, तेही त्याच बँडमध्ये चालतं आणि यात आंधळं होतं.

एआयएस घेऊ की रडार? दोन्ही परवडणार नाही.

जिथे मोठ्या जहाजांची वाहतूक आहे तिथे एआयएस. जिथे धुकं आहे, अचानक पाऊस येतो, किंवा लहान होड्या रात्री बिनदिव्याच्या असतात तिथे रडार. मला एकच निवडायला लावलं तर बहुतेक लहान बोटींसाठी मी आधी एआयएस म्हणेन, पण अर्धवट समजून घेऊन नाही.

एआयएस म्हणजे जो स्वतःहून सांगतोय त्याचंच ऐकणं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना ते सक्तीचं आहे, म्हणून बोटीच्या नावासकट, वेगासकट, किती मिनिटांत किती जवळून जाणार यासकट सगळं तुमच्या पडद्यावर येतं. लाकडी होडी, तरंगता ओंडका, सुटलेला कंटेनर, बंद करून ठेवलेला सेट, यांचं काही येत नाही. रडारला समोरच्याने काही सांगावं लागत नाही, ज्यावर आपटून रेडिओ लहर परत येते ते दिसतं. पण त्याच्याही मर्यादा आहेत. अठरा इंची डोमचा बीम साधारण पाच अंशांचा असतो, म्हणजे एका सागरी मैलावर १६० मीटर रुंद, त्या रुंदीत शेजारी शेजारी दोन होड्या असतील तर एकच ठिपका. पुलाच्या खालची मोकळी जागासुद्धा बंद दिसते. हल्लीचे सॉलिड स्टेट रडार मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीवर चालणाऱ्या जुन्या रडारांसारखे तापायला दीडएक मिनिट घेत नाहीत आणि वीजही कमी खातात, डॉप्लर असेल तर आपल्या दिशेने येणारं वेगळ्या रंगात दाखवतात, ती सोय मला खरोखर आवडते. नवीन घेणार असाल तर मॅग्नेट्रॉन नकोच.

एआयएस घ्यायचंच तर नुसता रिसीव्हर की ट्रान्सपॉन्डर? परवडत असेल तर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ऐकणारा आणि पाठवणाराही. तुम्ही जहाजाला बघणं आणि जहाजाने तुम्हाला बघणं यात दुसरं जास्त महत्त्वाचं. लहान बोटींसाठीचा साधा क्लास बी २ वॅटवर पाठवतो आणि दर ३० सेकंदांनी, दोन नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली वेग असेल तर दर तीन मिनिटांनी. वीस नॉटने जाणारी बोट ३० सेकंदांत ३०० मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे वेगवान मोटरबोटीला नवीन एसओ प्रकारचा, ५ वॅटचा आणि वेगाप्रमाणे जास्त वेळा पाठवणारा घ्या. शिडाच्या बोटीला साधाही चालेल.

आणि रडार बसवायच्या आधी हे माहीत असू द्या, टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम म्हणतो की रडार बसवलेलं आणि चालू स्थितीत असेल तर त्याचा नीट वापर झालाच पाहिजे. शोभेला लावून बंद ठेवलं आणि धडक झाली तर "मी लावलं नव्हतं" हे उत्तर चालत नाही. तेव्हा बसवलंत तर स्वच्छ उन्हात, समोरचं सगळं डोळ्यांना दिसत असताना ते वापरून शिका, की ही होडी पडद्यावर अशी दिसते, हा बोया असा दिसतो. धुक्यात पहिल्यांदा लावून काही कळत नाही कुणाला.

जुनी लाकडी बोट आहे, फिशफाइंडर घेतोय. दुकानदार ट्रान्सड्युसर "कुठलाही चालेल" म्हणतो.

दुसऱ्या दुकानात जा. लाकडी हलमधून, म्हणजे बोटीच्या तळातून, आरपार बसवायचा असेल तर ब्राँझचा घ्या, प्लास्टिकचा नाही, कारण लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकचा गळा आवळून तडकवू शकतं, आणि ते भोक पाण्याच्या खाली आहे. फायबरच्या बोटीला प्लास्टिक किंवा ब्राँझ. ॲल्युमिनियमच्या बोटीला ब्राँझ अजिबात नको, दोन धातू आणि खारं पाणी मिळून ॲल्युमिनियम खाऊन टाकतात, तिथे स्टेनलेस, तेही मध्ये इन्सुलेशनचं बुश घालून. भोकच पाडायचं नाही म्हणून आतून चिकटवायचे ट्रान्सड्युसर असतात, ते फक्त भरीव फायबरमधून चालतात, मध्ये फोम किंवा बाल्सा भरलेला असेल तर नाही, आणि तुमच्या लाकडातून तर नाहीच.

फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे २०० किलोहर्ट्झची लाट साडेसात मिलिमीटरची, ५० ची तीन सेंटिमीटरची. बारीक लाट बारीक वस्तू वेगळी दाखवते पण लवकर दमते. शंभरएक मीटरच्या आत मासेमारी असेल तर २०० किंवा चर्पमधला (एका फ्रिक्वेन्सीऐवजी पूर्ण पट्टा पाठवणारा प्रकार) मधला-वरचा बँड, खूप खोलात जाणार असाल तर ५० च्या आसपासचा. साइड स्कॅनचे, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंना बघणाऱ्या सोनारचे, ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झ उथळ पाण्यात फोटोसारखं चित्र देतात, खोलात काही देत नाहीत, जाहिरातीतली चित्रं सगळी उथळ पाण्यातली असतात हे लक्षात ठेवा.

जागा तर सगळ्यात महत्त्वाची. मागच्या फळीवर लावताय तर पंख्याच्या फेसापासून लांब, आणि ज्या बाजूला पंख्याचं पातं खाली जातं त्या बाजूला. पुढे रिव्हेट, पट्टी, पाणी घ्यायचं भोक असं काही असेल तर त्याच्या बरोब्बर मागे नको, तिथून निघालेले बुडबुडे थेट ट्रान्सड्युसरवर जातात आणि वेग घेतला की खोलीचा आकडा गायब. लोक मग सेटला शिव्या देतात.

म्युझिक सिस्टिमबद्दल तुम्ही कधीच काही लिहीत नाही.

लिहितो. स्पीकरच्या मागे दमदार लोहचुंबक असतं. ते होकायंत्रापासून आणि ऑटोपायलटच्या कंपास सेन्सरपासून किमान एक मीटर लांब ठेवा, भिंतीच्या पलीकडच्या बाजूलासुद्धा, कारण लाकूड आणि फायबर चुंबकाला अडवत नाहीत. बाकी गाणी तुमच्या आवडीची.

प्लॉटर एका कंपनीचा आहे, वाऱ्याचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळतंय. जुळेल का?

दोघांवर एनएमईए २००० लिहिलेलं असेल तर वारा, खोली, वेग, दिशा, इंजिन, एआयएस एवढं बहुतेक जुळतं. हे नेटवर्क म्हणजे घरातली पाण्याची मुख्य लाइन समजा, तिला जागोजागी टी लावून नळ काढायचे. मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर), फक्त दोनच, तीन नको आणि नुसता एकही नको. टीपासून यंत्रापर्यंतची वायर सहा मीटरच्या आत. वीज एकाच ठिकाणाहून द्यायची. काही चालत नसेल तर वीज बंद करून मल्टिमीटरने दोन डेटा तारांमध्ये मोजा, साठच्या आसपास ओहम आले तर टर्मिनेटर ठीक, १२० आले तर एक गळालाय. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रेमरीन कंपनीचं सीटॉक-एनजी म्हणजे भाषा तीच, प्लग वेगळा, ॲडॅप्टर केबल मिळते.

पण रडार आणि सोनारचं चित्र या लाइनवरून जात नाही, ते जड असतं आणि प्रत्येक कंपनी ते स्वतःच्या इथरनेटवरून नेते. गार्मिनचं रडार सिमराडच्या पडद्यावर दिसणार नाही. म्हणून पुढेमागे रडार घ्यायचा विचार असेल तर आज प्लॉटर घेताना खरं म्हणजे तुम्ही रडारची कंपनी निवडताय, आणि तो छोटा प्लॉटर रडार चालवतो तरी का हेही आधीच विचारा, बरेच स्वस्तातले चालवत नाहीत.

इंजिन स्टार्ट केलं की प्लॉटर बंद होऊन परत चालू होतो. सर्व्हिसवाला म्हणतो प्लॉटर बदला.

प्लॉटर बहुतेक निर्दोष आहे. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर दहाच्या खाली जातो आणि प्लॉटर झोपतो. उपाय, स्टार्टिंगची बॅटरी वेगळी आणि बाकी सगळ्याची वेगळी, मध्ये दोन्ही चार्ज करणारा रिले किंवा डीसी चार्जर. यात अजून एक फायदा, नांगर टाकून दिवसभर फिशफाइंडर चालवला तरी परतताना इंजिन सुरू होतं.

मग दुसरी बॅटरी केवढी, तर हिशोब करा. नऊ इंची प्लॉटर दीड अँपिअर, रेडिओ ऐकताना ०.४, एआयएस ०.३, रडार २, ऑटोपायलट सरासरी ३. झाले ७.२. आठ तासांचे ५८ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे १०० ची बॅटरीसुद्धा कमी पडली, आणि यात फ्रिज नाही, दिवे नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण तिला तिचा चार्जर लागतो, आणि अल्टरनेटर थेट जोडला तर तो जळूही शकतो, हे विकणारा सांगत नाही.

वायर कथील चढवलेलीच घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. जाडी अशी की महत्त्वाच्या यंत्रापर्यंत तीन टक्क्यांहून जास्त व्होल्टेज पडू नये, बारा व्होल्टमध्ये ते ०.३६ व्होल्ट होतात, आणि लांबी मोजताना जाऊन-येऊन दोन्ही मोजा. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात.

ईपर्ब, पीएलबी, सॅटेलाइट मेसेंजर, यातलं नक्की कुठलं?

ईपर्ब आणि पीएलबी हे संकटात सिग्नल पाठवणारे बीकन, ईपर्ब बोटीचा, पीएलबी माणसाचा. दोन्ही ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट उपग्रहांना हाक मारतात, दोन्हीला महिन्याचं भाडं नाही. ईपर्ब स्वतः सरळ तरंगतो आणि ४८ तास बोलतो, पीएलबी २४ तास, आणि बहुतेक वेळा तुम्हाला तो हातात धरून अँटेना वर ठेवावा लागतो, जे थंड पाण्यात वाटतं तेवढं सोपं नाही. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या लहान बोटीला जॅकेटमधला पीएलबी मला पुरेसा वाटतो, एकट्याने जाणाऱ्याला तर तोच आधी. लांब जाणार असाल तर ईपर्ब, शक्यतो एआयएस सिग्नलही देणारा, म्हणजे आसपासच्या बोटींच्या पडद्यावर तुम्ही दिसता.

मेसेंजर छान वस्तू आहे, दोन्ही बाजूंनी मेसेज जातो, "इंजिन बंद पण सगळे ठीक" हे सांगता येतं, जे ईपर्ब सांगू शकत नाही. पण त्याचं सबस्क्रिप्शन संपलं की ती नुसती वीट, त्यामुळे तो जोडीला, बदली नाही.

घेतल्यावर बीकन रजिस्टर करा, तुमच्या देशात जिथे करायचं असेल तिथे. रजिस्टर असेल तर शोध घेणारे आधी तुमच्या घरी फोन करतात आणि त्यांना कळतं की बोट कुठली, किती माणसं, कुठे निघाली होती. आणि कुणी अडगळीतला फक्त १२१.५ वाला जुना बीकन देत असेल तर घेऊ नका, १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ते ऐकतच नाहीत.

शिडाच्या बोटीला ऑटोपायलट : बोटीचं वजन चार टन, मॉडेलवर चार टन लिहिलंय. घेऊ?

एक साइज वरचं घ्या. चार टन हे रिकाम्या बोटीचं वजन, त्यात पाणी, डिझेल, माणसं, साखळी घाला. लाटा मागून यायला लागल्या की छोटा पायलट सारखा धडपडतो आणि वीजही जास्त खातो. शिडं नीट बॅलन्स केली नाहीत तर कुठलाही पायलट रडणार, हेही आहेच. आणि एकटे असाल तर दोरी अंगाला बांधल्याशिवाय पायलट लावू नका, तुम्ही पाण्यात पडलात तरी तो इमानदारीने बोट नाकासमोर नेत राहतो.

सेकंडहँड घ्यावं का?

काही गोष्टी खुशाल घ्या, काही अजिबात नाही. वाऱ्याचं डिस्प्ले, ऑटोपायलटचा ड्राइव्ह, ब्राँझचा ट्रान्सड्युसर, हे तपासून घेतलं तर चांगलं मिळतं. व्हीएचएफ घेताना आधीच्या मालकाचा एमएमएसआय पुसता येतो का ते विचारा. ईपर्ब सेकंडहँड नकोच, बॅटरी किती उरलीय कळत नाही आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही बुडताना फोन त्याच्या घरी जातो. मॅग्नेट्रॉनवाल्या रडारला तास मोजणारा आकडा मेनूत असतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना प्लॉटर असेल तर त्याच्या चार्टचं कार्ड अजून निघतं का, सॉफ्टवेअर अपडेट बंद झालंय का, हे बघा. चालू करून तारीखही बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा आला ६ एप्रिल २०१९ ला, आणि काही जुने सेट त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. कधी जागा बरोबर दाखवतात पण भरती-ओहोटीचं गणित पार चुकतं. मूळ ब्रॅकेट, पॉवर केबल आणि झाकण त्याच वेळी मागून घ्या, जुन्या मॉडेलचं सुटं मिळेलच असं नाही, आणि मागच्या प्लगच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर भाव पाडा किंवा सरळ निघून या.